उत्तरपत्रिकेवर नाव नसतं

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे, परीक्षाकेंद्री शिक्षण, सर्जनशीलता आणि पदवीधरांची बेरोजगारी. विषय मोठा आहे आणि मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. पुण्यात बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय. त्यातली गेली सहा वर्षं नव्या मुलांच्या मुलाखतीही घेतो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

मी लातूरचा. लातूर म्हटलं की तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोळ्यांसमोर 'लातूर पॅटर्न' आला असेल. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग उजळणी, मग चाचणी, पुन्हा उजळणी, पुन्हा चाचणी. मागच्या वर्षांचे पेपर इतके सोडवायचे की खरा पेपर हातात आला तरी तो ओळखीचाच वाटला पाहिजे. आमच्या गल्लीत कितीतरी घरांनी वरचा मजला चढवला तो बाहेरगावच्या मुलांना खोल्या भाड्याने द्यायला. मेस, झेरॉक्स, सायकल दुरुस्ती, सगळं त्या परीक्षेच्या जिवावर. त्यामुळे मी परीक्षेला शिव्या देणार असेन अशी अपेक्षा ठेवू नका. आमच्या गल्लीची चूल तिच्यावर पेटते.

माझ्या अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेतकरी जळलेली पाण्याची मोटार टेम्पोत टाकून आणतात, अब्बा ती उघडतात, जळकी तार काढतात, नवी भरतात. शाळेत ते सातवीपर्यंत गेले.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. इलेक्ट्रिकलचा एक पेपर होता, त्यात मला शंभरपैकी ८४ पडले होते. सुट्टीत घरी आलो. एका शेतकऱ्याने पाच हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक मोटार आणली होती आणि तो तावातावाने भांडत होता, की सहा महिन्यांपूर्वी तुम्हीच भरून दिली, पुन्हा कशी जळली? अब्बांनी मोटार उघडली. आत बघितलं. तीन फेजांच्या गुंडाळ्यांपैकी दोन काळ्याठिक्कर, एक मात्र तांबूस, जवळजवळ नवी. अब्बा म्हणाले, "पाटील, मोटारीचा दोष नाही. तुमच्याकडे एक फेज गेला होता आणि मोटार तशीच चालू राहिली." शेतकरी जरा गप्प झाला, मग म्हणाला, हो, डीपीचा फ्यूज गेला होता खरा.

मी बाजूला स्टुलावर बसलेलो. अब्बांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तू तो पढा ना ये? दोच क्यूं जले, बोल." मला सांगता आलं नाही. तीन फेजच्या मोटारीचं कार्यतत्त्व मी पेपरात दीड पान लिहिलं होतं. आकृतीसकट. आकृतीला पेन्सिलीने नावं दिली होती, बाण काढले होते. पण एक फेज गेला तर प्रवाह उरलेल्या कुठल्या दोन गुंडाळ्यांतून जाईल, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मी स्वतःला विचारला नव्हता. अब्बांना सूत्र येत नव्हतं, उत्तर येत होतं. माझं बरोबर उलटं.

हे सांगताना लोक लगेच म्हणतात, बघा, पुस्तकी शिक्षण फुकट, अनुभव खरा. मला तसं म्हणायचं नाही. अब्बांना सूत्र आलं असतं तर त्यांनी आयुष्यात कितीतरी तांबं वाचवलं असतं, हे तेच म्हणतात. माझी तक्रार एवढीच, की ८४ मार्कांनी मला सांगितलं 'तुला हे येतं', आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

आता कॉम्प्युटरकडे येतो, माझ्या धंद्याकडे. आम्ही प्रोग्रॅमिंग शिकलो ते टर्बो सी वर. निळी स्क्रीन. हे सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. आम्ही शिकत होतो २००८ नंतर, तेव्हा जग कुठच्या कुठे गेलं होतं, पण प्रॅक्टिकलला तेच. त्याहून गंमत म्हणजे परीक्षेत प्रोग्रॅम कागदावर लिहायचा. बॉलपेनने. जो प्रोग्रॅम मशीनवर चालवून बघायचा असतो, तो कागदावर कसा चालणार? म्हणून मग तो पाठ करायचा. वर्गात एकजण होता, त्याला पन्नासेक प्रोग्रॅम तोंडपाठ होते, अर्धविरामांसकट. सगळे त्याला मानायचे. मी पण मानायचो.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. खरं बोलायचं तर आमच्या चौघांच्या ग्रुपने तो विकत घेतला. पुण्यात तेव्हा असे प्रोजेक्ट तयार मिळायचे, रिपोर्टसकट, काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरांत बांधून. आम्ही वर्गणी काढली. तोंडी परीक्षेत काय विचारतील त्याची प्रश्नोत्तरंही दुकानदारानेच दिली. चांगले मार्क पडले.

मग पहिली मुलाखत. समोरच्या बाईंनी बायोडेटावरच्या त्या प्रोजेक्टवर तीन प्रश्न विचारले आणि तिसऱ्या प्रश्नाला मी उघडा पडलो. त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. घाम फुटला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं, हे राहू दे. तू स्वतः बनवलेलं काही आहे का? काहीही."

होतं. बायोडेटात लिहिलं नव्हतं, कारण लाज वाटायची. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी अब्बांच्या वहीचा प्रोग्रॅम केला होता. अब्बांकडे तीस वर्षांची वही आहे. कुठल्या कंपनीची किती हॉर्सपॉवरची मोटार, स्लॉट किती, तारेचा गेज कुठला, वेढे किती, हे सगळं त्यात, अर्धं उर्दूत, अर्धं मराठी आकड्यांत, काही खुणा फक्त त्यांनाच कळणाऱ्या. एखादी जुनी मोटार आली की ते अर्धा तास वही चाळायचे. मी ते सगळं टाइप केलं आणि शोधायची सोय केली. त्याच निळ्या स्क्रीनवर. प्रोग्रॅम अतिशय कुरूप होता. एकदा दोनशे नोंदी उडाल्या, कारण फाईल बंद करायची असते हे मला माहीत नव्हतं. अब्बा काही बोलले नाहीत, अम्मीने रात्री बसून पुन्हा वाचून दाखवल्या आणि मी टाइप केल्या.

त्या बाईंनी त्या प्रोग्रॅमवर पंचवीस मिनिटं प्रश्न विचारले. नोंदी उडाल्या तेव्हा काय केलंस? वहीत एकाच मोटारीच्या दोन वेगळ्या नोंदी असल्या तर खरी कुठली धरायची? अब्बांना टाइप करता येत नाही, मग वापरायचे कसे? सगळ्याची उत्तरं मला होती, कारण ते प्रश्न मला आधीच पडून गेले होते. नोकरी त्या पंचवीस मिनिटांवर लागली. चार वर्षांच्या गुणपत्रिकांनी मला त्या खुर्चीपर्यंत आणलं होतं, हेही तितकंच खरं. साठ टक्क्यांची अट होती, त्याशिवाय आत सोडत नव्हते.

'सर्जनशीलता' म्हटलं की आपल्याला चित्रकला आठवते, कविता आठवते. माझ्या कामात तिचा अर्थ फार साधा आहे: कुणी न दिलेला प्रश्न स्वतःला पडणं. परीक्षेत प्रश्न नेहमी दुसऱ्याचा असतो, आणि उत्तर आधीच कुणाला तरी माहीत असतं. पंधरा-सोळा वर्षं हेच केल्यावर प्रश्न पाडण्याचा स्नायूच वाळून जातो.

आता मी टेबलाच्या पलीकडे बसतो. मुलामुलींना एक छोटा प्रोग्रॅम देतो, त्यात मुद्दाम चूक ठेवलेली असते. यादीतली शेवटची नोंद सुटते, अशी काहीतरी. म्हणतो, शोध. लॅपटॉप समोर असतो. बहुतेक मुलं स्क्रीनकडे टक लावून बघत बसतात. एका मुलाला मी म्हटलं, "अरे, चालवून बघ ना." तो म्हणाला, "रन करू, सर? चुकला तर?" मला त्याचा चेहरा अजून आठवतो. मार्क नव्वदच्या पुढे होते. व्याख्या सगळ्या पाठ. पण चुकीची इतकी भीती, की चुकलेला प्रोग्रॅम चालवून बघायलाही परवानगी हवी. आमच्या कामात दिवसातून पन्नास वेळा प्रोग्रॅम चुकतो. चुकला की कळतं कुठे बघायचं. त्या मुलाला मात्र पहिलीपासून चुकीचा एकच अर्थ शिकवला गेला होता: लाल पेन.

आणि आता तर एआय आलंय. परीक्षेत येणारा कुठलाही प्रोग्रॅम ते दोन सेकंदांत लिहून देतं, अर्धविरामांसकट. माझ्या त्या पन्नास प्रोग्रॅम पाठ असलेल्या मित्राचं काय झालं असेल याचा विचार करा. (तो बरा आहे. बँकेत आहे. परीक्षा देऊन लागला.)

थोडे आकडे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगाराचा अहवाल काढला. त्यात २०२२ सालची आकडेवारी आहे. ज्या तरुणांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात बेरोजगारी ३.४ टक्के, आणि पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के. म्हणजे शिकण्यापेक्षा न शिकलेलं बरं? नाही. ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटवायची आहे तो मिळेल ते काम करतो, बेरोजगार राहणं त्याला परवडत नाही. पदवीधर वाट बघतो, कारण घरच्यांनी कर्ज काढून त्याला शिकवलेलं असतं आणि हमालीला जायचं तर ती पदवी कशाला, असं सगळ्यांना वाटतं. सगळा दोष परीक्षेचा आहे असंही नाही. नोकऱ्याच पुरेशा निघत नाहीत, हा सरळ अर्थशास्त्राचा भाग आहे आणि तो मुलांच्या माथी मारू नये. पण ज्या जागा असतात त्या भरताना काय होतं, ते मी रोज बघतो.

हे दुखणं नवं नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठ जन्मलं तेच परीक्षा मंडळ म्हणून. पंचवीस वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. ते निवेदन प्राथमिक शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे, पण त्यात हायस्कुलांबद्दलही लिहिलंय. मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षक आणि विद्यार्थी दोघांचंही लक्ष नको इतकं व्यापलंय, अभ्यासक्रमात व्यवहाराचा भाग नाही, मुलगा स्वतंत्रपणे पोट भरू शकेल असं त्यात काही नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तारीख पुन्हा तपासली.

त्याहून मागे जायचं तर इब्न खल्दून. चौदाव्या शतकातला, ट्युनिसमध्ये जन्मलेला. त्याच्या 'मुकद्दिमा'त एक निरीक्षण आहे. मगरिबमध्ये, म्हणजे आजच्या मोरोक्कोत, मदरशात राहायची मुदत सोळा वर्षं आणि ट्युनिसमध्ये पाच. सोळा वर्षं का लागतात? तर विद्यार्थी वर्गात गप्प बसतात, पाठांतर करत राहतात, चर्चा करत नाहीत. डोक्यात भरपूर असतं, पण वाद घालायची, शिकवायची वेळ आली की काहीच हाती लागत नाही. त्याने उपायही सांगितलाय: जीभ मोकळी करा, चर्चा करा. सहाशे वर्षांहून जास्त झाली.

आता अवघड भाग. इथवरचं कुठल्याही कॉलेजात बोललो असतो. पुढचं इथेच बोलायचंय.

माझी मोठी बहीण, आपा. तिच्या बारावीच्या वर्षी लग्नाची बोलणी सुरू होती. मुलगा चांगला होता, दुकान होतं, मामूंनी आणलेलं स्थळ. निकाल लागला, ८८ टक्के. अब्बा गुणपत्रिका हातात घेऊन बराच वेळ बसले, मग मामूंना म्हणाले, आता थांबू या. आपा फार्मसीला गेली. आज ती स्वतःच्या पायावर उभी आहे. तिच्या बाजूने घरात बोलणारं कुणी नव्हतं, ती स्वतःसुद्धा बोलली नाही. तो कागद बोलला. या हॉलमध्ये अशा किती मुली आहेत, ज्यांची वकिली गुणपत्रिकेने केली? हात वर करायला सांगत नाही. मला माहीत आहे.

आणि दुसरं. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला कळत नाही की हा शेख आहे की शिंदे. आपल्या आयुष्यात अशा जागा फार नाहीत. भाड्याची खोली शोधताना नाव सांगावं लागतं. नोकरीचा अर्ज करताना सांगावं लागतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी एक पाहणी केली होती, ती २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आली. खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्ज सारखेच होते, हे लक्षात ठेवा.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की वीस वर्षांवरच्या लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असलेले देशात साधारण ७ टक्के आहेत आणि मुसलमानांत ४ टक्क्यांहून कमी. म्हणजे आधी पदवीपर्यंत पोचणारेच कमी, आणि पोचले तर नावाची चाळण पुढे उभी.

त्यामुळे जेव्हा मोठमोठ्या परिषदांत लोक सहज म्हणतात, परीक्षा रद्द करा, गुणांना महत्त्व देऊ नका, व्यक्तिमत्त्व बघा, मुलाखत घ्या, शिफारस बघा, तेव्हा मला धडकी भरते. शिफारस कुणाची? माझ्या अब्बांच्या ओळखीत मोटारी आणणारे शेतकरी आहेत, कंपनीचे मॅनेजर नाहीत. व्यक्तिमत्त्व म्हणजे काय, तर पुष्कळदा इंग्रजीचा उच्चार. एका मुलाखतीत माझं नाव वाचून समोरच्याने विचारलं होतं, "मूळ कुठले तुम्ही?" लातूरचा म्हटलं. "नाही, मूळ?" लातूरच म्हटलं. ती नोकरी मला मिळाली नाही. कदाचित इतर कारण असेल. पण मला ते कधी कळणार नाही, आणि हे न कळणं फार त्रासदायक असतं.

म्हणजे परीक्षा आपल्याला पोकळ करते, आणि परीक्षाच आपल्याला पडद्याआड सुरक्षित ठेवते. दोन्ही खरं आहे. मी बरीच वर्षं यातलं एक निवडायचा प्रयत्न करत होतो. आता सोडलाय.

मला वाटतं मागणी अशी हवी, की पडदा राहू द्या, पडद्याआडचा प्रश्न बदला. पुस्तक उघडून सोडवायचा पेपर घ्या. प्रोग्रॅमिंगची परीक्षा मशीनवर घ्या, चालवून बघायची मुभा द्या. बिघडलेली वस्तू द्या आणि विचारा कुठे बिघडलीय. यातलं काहीही नाव झाकून तपासता येतं. आमच्या टीममध्ये मी एवढं केलंय, की पहिल्या फेरीत मुलांनी सोडवलेली कामाची फाईल नाव, गाव, कॉलेज काढून तपासायची. दोन वर्षं चाललंय. संख्या लहान आहे, मी कुठला दावा करणार नाही. एवढं सांगतो, की गेल्या वर्षी तपासणाऱ्या तिघांनीही जी फाईल वर ठेवली, ती एका अशा कॉलेजच्या मुलीची निघाली, ज्याचं नाव आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं.

पण अभ्यासक्रम बदलेपर्यंत तुमची पदवी संपून जाईल. म्हणून तुमच्यापुरतं बोलतो. मार्क मिळवा. पेपर पॅटर्न बघा, गाईड वापरा, सगळं करा, त्यात कमीपणा मानू नका. आत शिरायला ते तिकीट लागतं. फक्त त्याच्या जोडीला एक गोष्ट अशी करा जी कुणी मागितलेली नाही. ती मोठी असायची गरज नाही. तुमच्या घरात वही असेलच. किराणा दुकानाची उधारी, शिलाईच्या मापांची वही, भिशीचा हिशोब, मटणाच्या दुकानातली रोजची खरेदी. बशीर, इरफान, आयेशा, कुणीही असा, तुमच्या घरात कुणाला तरी रोज अर्धा तास काहीतरी शोधावं लागतंय. तिथून सुरू करा. एआयची मदत घ्या, काही हरकत नाही, पण ते चुकलं तर कुठे चुकलं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. आणि ते बायोडेटात लिहा. 'वडिलांच्या दुकानासाठी' असं स्पष्ट लिहा. मी लाजेपोटी लिहिलं नव्हतं, त्या बाईंनी विचारलं म्हणून वाचलो. सगळ्यांना विचारणारं कुणी भेटतंच असं नाही.

प्रोजेक्ट मात्र विकत घेऊ नका. ते काळं कव्हर अजून माझ्या कपाटात आहे. आत काय आहे ते मला अजूनही नीट माहीत नाही.

अब्बांचा तो प्रोग्रॅम आता मोबाइलवर आहे. दोनदा नव्याने लिहिला. अब्बा वापरत नाहीत, त्यांना वहीच बरी वाटते. दुकानातला पोरगा वापरतो, आणि परवा त्याने फोन करून सांगितलं, की त्यात एका मोटारीचे वेढे चुकलेत. अब्बांची नोंदच चुकली होती, बहुतेक वीसेक वर्षांपूर्वी. त्याला कसं कळलं विचारलं, तर म्हणाला, भरून झाल्यावर मोटार गरम व्हायला लागली म्हणून मोजून बघितलं. तो दहावी नापास आहे. बाहेरून परीक्षेला बसायचं म्हणतोय, मी पुस्तकं पाठवली आहेत.

मागून चहाची खूण झालीय. त्याआधी प्रश्न घेऊ. बराच वेळ मीच बोललो.